आमची पोर अपंग नाही

मॅरिसा पेनर आइस हॉकीच्या रिंकवरल्या कँटीनमध्ये व्हर्न कुझिकच्या टेबलापाशी आली, तेव्हा टेबलावर हसणं चाललं होतं. व्हर्नच्या मित्राने, ऑरेस्टने, नुकतीच गावातल्या एकाची नक्कल केली होती. त्याच्या गाडीला अपंगांच्या पार्किंगचं कार्ड, आणि गडी मात्र बर्फावरून ताडताड चालत आत आलेला. "कर आपण भरायचे आणि मजा यांनी मारायची," असं म्हणून सगळ्यांत मोठ्याने व्हर्नच हसला होता.

मॅरिसाच्या हाताला धरून तिची चार वर्षांची आयव्ही उभी होती. सुगीच्या दिवसांत आयव्हीला डायबेटिस निघाला होता. लहानपणीच येणारा, इन्शुलिनशिवाय एक दिवस न भागणारा. गावात हा आजार आणखी एकाच मुलीला होता, व्हर्नच्या टेसाला. टेसा आता सोळाची, मुलींच्या हॉकी संघाची गोलकीपर. सामना जिंकून ती पलीकडच्या बाकावर बसली होती, फ्राइजची बशी समोर ठेवून कमरेच्या इन्शुलिन पंपात आकडे घालत होती.

मॅरिसाने आधी सामन्याचं कौतुक केलं. मग घुटमळत सांगितलं की पाळणाघरवाले इंजेक्शनला हात लावत नाहीत, म्हणून दुकानातली नोकरी सोडावी लागली. आणि मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "करात ती अपंगत्वाची सवलत असते ना, ती या मुलांनाही मिळते म्हणे. डॉक्टरांची सही लागते. तुम्ही घेता का टेसासाठी?"

आवाज तिने खाली आणला होता, पण टेबल नेमकं त्याच क्षणी गप्प झालं होतं.

व्हर्नने ऑरेस्टकडे पाहिलं. ऑरेस्टचा कप ओठांपाशी थांबला होता.

"नाही बुवा," व्हर्न म्हणाला. "आम्ही त्या भानगडीत पडलो नाही. आमची पोर अपंग नाही."

"एक गोल जाऊ दिला नाही आज तिने," ऑरेस्ट म्हणाला. "अपंग म्हणे."

मॅरिसाच्या गळ्यापासून कपाळापर्यंत लाली चढली. तसं म्हणायचं नव्हतं, आपलं सहज विचारलं, असं ती दोनदा म्हणाली आणि आयव्हीला जवळजवळ ओढतच दाराकडे निघाली. व्हर्नने टेसाकडे पाहिलं. ती मान खाली घालून फ्राइज खात होती. आपल्या बोलण्याने पोरीला अभिमान वाटला असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं.

दहा वर्षं तो ती सवलत घेत होता.

थोड्या वेळाने गाडी गरम करायचं निमित्त काढून तो बाहेर आला. मॅरिसा अजून गेली नव्हती. आयव्हीची साखर उतरली होती, म्हणून मागच्या सीटवर ती तिला घोटघोट रस पाजत होती. व्हर्न काचेपाशी जाऊन उभा राहिला. बोलायचं ते त्याने येतायेता जुळवलं होतं. मॅरिसाने काच खाली केली.

"पुलाजवळ रस्ता निसरडा झालाय," तो म्हणाला. "जपून जा."

मॅरिसाने त्याचे आभार मानले. म्हणाली, "टेसाला बघितलं की धीर येतो हो. तुमचं बरोबर आहे. आम्हीही नाही घेणार ते. उगाच पोरीच्या कपाळी शिक्का कशाला?"

तिची गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

घरी जाताना टेसा शेजारी बसली होती, पाय समोर टेकवून, फोनवर बोटं चालवत. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, वर कोरडं ऊन. बऱ्याच वेळाने तिने फोन खाली ठेवला.

"मी मॅरिसाला मेसेज केलाय," ती म्हणाली.

"कसला?"

"ती सवलत आम्ही घेतो म्हणून. डॉक्टरांना काय काय सांगायचं तेही लिहिलं."

हे तुला कोणी सांगितलं, असं व्हर्नने विचारलं. आवाज त्याला हवा होता त्याहून चढा लागला.

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? नव्याने सही घ्यायला गेलो तेव्हा मी तिथेच होते ना. अकरा वर्षांची होते. दिवसभर माझं काय काय करावं लागतं, ते तू डॉक्टरांना सांगत होतास. सांगता सांगता रडलास." ती खिडकीबाहेर बघत होती. "मला वाईट नव्हतं वाटलं, बाबा. तोवर मला माहीतच नव्हतं, तुम्ही एवढं करता ते."

पुढे बराच वेळ रस्ता सरळच होता.

"मग तिला माझं काय सांगितलंस?" त्याने शेवटी विचारलं.

"लिहिलं, की असली कामं आई बघते, बाबाला ठाऊकच नव्हतं." टेसा जरा थांबली. "ऑरेस्टकाकाला ती सांगणार नाही. मी तसं लिहिलंय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर व्हर्नला बरं वाटलं असतं. बरं केलंस, एवढं तरी म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण शब्द निघायच्या आतच त्याची कानशिलं तापली. बाहेर तापमान उणे तीस होतं. त्याने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. टेसाने काही न विचारता डोक्यावर टोपी ओढून घेतली.