वाऱ्याचं कार्ड

अंतिम सामना देवव्रत हरला. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरू, कारण या क्षणाला तो जिंकत होता आणि इंदिरानगरातल्या त्या मंगल कार्यालयात बसलेल्या सगळ्यांना ते दिसत होतं.

स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या. संध्याकाळी कुणाचा तरी साखरपुडा होता, त्यामुळे त्या हलवायला मनाई होती. म्हणून एका खुर्चीत देवव्रत, दुसरीत सायखेड्याची ओवी, मध्ये कार्डांचं टेबल आणि त्यावर मंगलाष्टकांचा माईक, असा राज्याचा अंतिम सामना चालला होता. जिंकणारा बंगळुरूला जाणार होता.

"दादा, टाक ना काहीतरी," ओवी म्हणाली. "माझे सैनिक उभ्या उभ्या म्हातारे झाले."

तिचे सैनिक मरत नव्हते, हीच तर अडचण होती. तिच्यापुढे 'नंदादीप' नावाचं कार्ड होतं. तो दिवा पेटता असेपर्यंत तिचा मेलेला प्रत्येक सैनिक पुढच्या पाळीला कपडे झटकून उठायचा. देवव्रतच्या हातात 'वारा' होता. तो त्याने सुरुवातीपासून दाबून ठेवला होता. मार खात राहायचं, ओवीला अख्खं सैन्य मैदानात उतरवू द्यायचं, आणि मग दिवा घालवून एका फटक्यात सगळं साफ करायचं, असा बेत. आता ओवीच्या हातात एकही कार्ड उरलं नव्हतं.

हा बेत त्याने सकाळी बाबांना सांगितला होता, आयसीयूत, अगदी कानाशी वाकून. बाबांनी, म्हणजे शामसुंदर गुरुजींनी, ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. "जा तू. जिंकून ये. इथे बसून काय दिवे लावणार आहेस?"

देवव्रतने वारा टेबलावर ठेवला.

"दिवा वाढवतो," तो म्हणाला.

ओवीने कपाळाला हात लावला. खेळ आटोपला होता. तेवढ्यात पंचांनी हात वर केला.

पंच म्हणजे अमित सर. आठवडाभर ते विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारायचे आणि रविवारी पंचगिरी करायचे. आवाज दोन्हीकडे एकच. त्यांनी वारा उचलून चष्म्याजवळ नेला.

"'मैदानातलं कोणतंही एक कार्ड विझवा किंवा वाढवा. काय ते मोठ्याने सांगा. बोललेलं मागे घेता येत नाही.' तू वाढवतो म्हणालास. तिचा दिवा दुप्पट झाला."

"सर, दिवा वाढवणं म्हणजे..."

"म्हणजे दुप्पट."

"तसं नाय हो सर," ओवीच मध्ये पडली. "दुकान वाढवतात तसं. बंद करतात तसं. आमचे आप्पा गेले तेव्हा आईच्या बांगड्या वाढवल्या. काय दुप्पट झाल्या का त्या? त्याला काय म्हणायचं ते मला कळलंय."

"तुला कळून उपयोग नाही. नियमाला कळलं पाहिजे."

अमित सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला काही सवलत छापली असेल.

"समोरच्याची हरकत नाही म्हणून एक संधी देतो. त्या दोनांतला पहिला शब्द उच्चार, वाढवाच्या आधीचा. कार्डावर आहे तस्सा. एकदाच. मी मान्य करतो."

त्यांनी माईक देवव्रतच्या तोंडापुढे सरकवला.

देवव्रतच्या घरी हा शब्द गॅसलाही वापरत नसत. आई गॅस शांत करायची. उदबत्ती निवायची. वीज गेली की 'वीज यायची आहे' असं म्हणायचे, मग ती दोन दिवस आली नाही तरी. आणि आत्ता आई तिकडे आयसीयूच्या काचेच्या दाराबाहेर बाकावर बसलेली असताना, हा शब्द, तोही दिव्याला, मोठ्याने, माईकवर, मागे न घेता येणारा.

"बोल ना दादा," ओवी हळूच म्हणाली. "पुठ्ठ्याचा दिवा हाय."

"माहितीये."

"मग? मी हरते म्हणतेय ना. असं गिऱ्हाईक परत नाय मिळायचं."

देवव्रतने तोंड उघडलं. माईकमधून फक्त श्वास ऐकू आला. सगळ्या सभागृहाला ऐकू आला.

"नाही बोलवत," तो म्हणाला.

अमित सरांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. ओवीचा दिवा दुप्पट झाला. पुढच्या पाळीला तिचा एकेक मेलेला सैनिक दोनदोन होऊन उठला आणि देवव्रतच्या मैदानातून चालत गेला. टाळ्या पडल्या. ओवीने चषक घेतला, पण तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा मांडीवर धरून ती तिथेच बसून राहिली. वाढपी टेबल उचलायला येऊन उभे राहिले.

"काही तक्रार असेल तर आत्ताच सांग," अमित सर म्हणाले. "आयोजकांना लेखी कळवावी लागते."

देवव्रत लाल खुर्चीतून उठला नाही.

"लिहून घ्या सर. निकाल मान्य आहे. मात्र खेळाडू ओवी यांच्यासमोरील दिवा पुढील निरोप येईपर्यंत पेटता समजण्यात यावा, सदर टेबल जागेवरून हलवू नये, आणि तोपर्यंत कार्यालयातील सर्व पंखे बंद ठेवण्यात यावेत, ही नम्र विनंती."