एक मत कमी

सकाळचे दहा वाजले तरी खांबेकर सरांचं मत आलं नाही, तेव्हा हेमांगीने त्यांना पुन्हा फोन लावला.

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या त्यांच्या बेसबॉल लीगमध्ये सर आणि हेमांगी धरून आठ जण होते, प्रत्येकाचा आपला एक संघ. खरा बेसबॉल एकानेही कधी हातात धरला नव्हता. हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या मतदानात दोघांची नावं उरली होती आणि त्यातला एक, चेंडू टाकणारा पिचर, सरांच्या संघाचा होता. महिनाभर त्याचे गोडवे गाणारे सर दोन दिवस गप्प होते. फोन नुसता वाजत होता. संगमनेरला ते एकटे राहतात, एवढंच तिला माहीत होतं.

"विसरले असतील," ग्रुपवर कुणीतरी लिहिलं. तिला ते पटेना. गेल्या वर्षी त्यांना विजेत्याची ढाल कुरिअरने पाठवताना, घर बंद असलं तर म्हणून, सरांनी शेजारच्या ताजणेबाईंचा नंबर दिला होता. तिने तो लावला.

"बघते हं, फोन ठेवू नका," बाई म्हणाल्या. दार ठोठावल्याचा आवाज आला, मग हाका, मग कुणीतरी दार फोडल्याचा दणका. हेमांगीने डोळे गच्च मिटून घेतले.

"न्हाणीत पडलेत हो! शुद्धीवर आहेत, पण उठवत नाही त्यांना. ॲम्ब्युलन्स बोलावलीय." बाईंना धाप लागली होती. "तुम्ही त्यांच्या कोण?"

हेमांगीने सरांचा चेहराही कधी पाहिला नव्हता.

"मी कोल्हापूरहून निघालेय, एवढं सांगा त्यांना," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.