मिस्त्रीची धूळ

“भिंत कोणी फोडली?” मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मिस्त्रीनं हात वर केला, तोही अर्धाच. कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं होतं. खाली गालिचा दिसला तसा त्यानं हात पुन्हा पोटाशी घेतला.

सर्व्हर रूमला मोठं दार बसवायचं म्हणून काल दिवसभर तिथली भिंत कापणं चाललं होतं. आज सकाळी इस्पितळातले सगळे संगणक आंधळे झाले. कुणाचा एक्स-रे, कुणाचं रक्त, कुणाला कसलं औषध, सगळं त्या खोलीतल्या मशिनींमध्ये अडकून पडलं.

“धूळ गेली असणार आत,” सर्व्हर रूमचा इन्चार्ज खालमानेनं म्हणाला.

“गोणपाटाचा पडदा लावला होता, बाई,” मिस्त्री म्हणाला. “ओला करून. कटरवर पाणीही सोडत होतो. पण धूळ ती धूळ. तिला का दार लागतं?”

“सकाळी खोलीची भट्टी झाली होती,” बाई म्हणाल्या.

“धुळीनं वाट कोंडली की तापतात मशिनी,” इन्चार्ज म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कंपनीचा माणूस दुपारी येऊन मशिनी उघडणार आहे. आत धूळ निघाली, तर मिस्त्री, तुमच्या ठेकेदाराला मी आजच कळवते. मग तो तुम्हाला कुठल्याच कामावर ठेवणार नाही.”

मिस्त्रीचे गुडघे आता जिना चढताना कुरकुरत. या वयात दुसरा ठेकेदार त्याला दारातही उभं करणार नव्हता, हे तिथल्या तिघांनाही कळत होतं.

“बाई,” इन्चार्ज म्हणाला, “हे माझे मेहुणे. मीच शब्द टाकून त्यांना या कामावर आणलं. शिक्षा करायची तर मलाही करा.”

“नातं सांगायची काही गरज नव्हती. सांगितलंत, यात तुमचा मोठेपणा आहे. पण तुमचा यात काय दोष?”

इन्चार्जची मान आणखी खाली गेली.

बाहेर आल्यावर मिस्त्रीनं कपाळावरचा घाम पुसला. कपाळ पांढरं झालं.

“दाजी, तुम्ही कशाला मधे पडलात? माझं मी निस्तरलं असतं.”

“राहू द्या, दादा.”

“माझ्यापायी तुमच्या नावाला चिखल लागला.”

“राहू द्या म्हणतो ना.”

“मी जरा आत येऊन बघू? फडकं तरी मारतो.”

“नको,” इन्चार्ज घाईनं म्हणाला. “तो माणूस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.”

नोंदणीच्या खिडकीपुढची रांग फाटकापर्यंत गेली होती. खिडकीत मिस्त्रीची धाकटी बहीण बसली होती, म्हणजे इन्चार्जची बायको. सकाळपासून लोकांची बोलणी तीच खात होती.

“पोरी,” एक म्हातारा म्हणाला, “मशीनला माझं नाव तरी आठवतंय का, का तेही पुसलं?”

“आजोबा, बसा हो जरा.”

“बसून बसूनच म्हातारा झालो की!”

रांग हसली. ती हसली नाही. भाऊ दिसताच खिडकी लोटून ती बाहेर आली.

“दादा, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो तू झालास. यांनी तुझ्यासाठी शब्द टाकला, आणि तू यांचंच नाक कापलंस.”

“चुकलो गं.”

“चुकलो म्हणून भागतं? इथं माणसं विव्हळत उभी आहेत. प्रत्येकाच्या तोंडी एकच, कुणा गवंड्यानं खेळ केला. मला ओठ शिवून बसावं लागतं. माझाच भाऊ तो, म्हणू कशी?”

मिस्त्री पायाच्या अंगठ्यानं फरशीची सांध चाचपत राहिला.

ती नवऱ्याकडे वळली. “आणि तुम्ही तरीही त्याच्यासाठी बाईंपुढे उभे राहिलात. मलाच तुमच्याकडे बघायची लाज वाटते आता.”

“दादांना असं बोलू नकोस,” इन्चार्ज म्हणाला. “दादांचा काही…”

त्यानं तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरलेले पाहून ती खिडकीकडे परत गेली.

मिस्त्री तसाच उभा होता.

“दाजी, पडदा मी खरंच ओला ठेवला होता. सुकू दिला नाही. तुम्ही बघितलात ना?”

“बघितलं.”

“मग समजा, आत धूळ निघालीच नाही, तर?”

इन्चार्जनं सर्व्हर रूमच्या बाजूला बघितलं. “तर कारण दुसरीकडे शोधतील.”

“तेवढं झालं तरी देव पावला म्हणायचं,” मिस्त्री म्हणाला, आणि वेड्या आशेनं लहान मुलासारखा हसला.

जेवणाची सुट्टी झाली. बोळ रिकामा झाला. मिस्त्री जिन्यावर डबा मांडीवर घेऊन बसला, पण त्यानं तो उघडला नाही.

इन्चार्जनं सर्व्हर रूमचं दार आतून लावून घेतलं. स्क्रू काढून मधल्या मशीनचं झाकण उचललं. आत धुळीचा कणही नव्हता. होता तो करपल्याचा काळा डाग आणि जळका वास. काल घरी जायच्या घाईत दिव्यांबरोबर त्यानं खोलीचा एसीही बंद केला होता. सकाळी दार उघडलं तेव्हाच त्याला ते कळलं होतं. तो फोडलेल्या भिंतीपाशी गेला, तिच्या बुडाची वाळलेली धूळ ओंजळीत भरून आणली, मशीनपुढे गुडघे टेकले, आणि डोळे मिटून हळूच फुंकर मारली.