नवऱ्याच्या नजरेची पैठणी

शरयूताई केळुसकरांनी जांभळ्या पैठणीकडे पाहिलं मात्र, साडीवरच्या किमतीच्या डिजिटल पाटीने त्यांच्या डोळ्यांत डोकावून बारा हजारांचे अठरा केले आणि खाली झळकवलं, ‘दिवाळी सेल! निम्मी किंमत!’

“अहो, आत्ता बाराच होती!”

“ताई, पाटी मन ओळखते,” विक्रेता गोड हसला. “नावडल्याचं सोंगही तिला कळतं हं.”

लेकीच्या लग्नात नेसायला त्यांना हीच हवी होती, पण स्वतःला लुबाडून घ्यायचं नव्हतं. बाहेरच्या बाकावर पेंगणाऱ्या नवऱ्याला त्यांनी हाताला धरून आत आणलं आणि स्वतः पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

“जरा ही साडी बघा.”

वसंतरावांनी पाहिलं. त्यांच्या नजरेत साड्यांच्या दुकानांत जन्मभर बसून कमावलेला कंटाळा होता. त्यात सोंग औषधालाही नव्हतं.

“तुझ्याकडे अशीच एक आहे ना?” ते म्हणाले. आकडा घसरला. त्यांनी जांभई दिली. आकडा चार हजारांवर आला.

“बांधा!” शरयूताई गरजल्या.

“ताई, हे बरं नव्हे.”

“का? पाटी मन ओळखते ना?”

विक्रेता दार लावायला धावला. पण तोवर दुकानातल्या बायका बाहेर जाऊन आपापले नवरे बाकावरून उठवत होत्या.