उलटतपासणीनंतर

"स्लॅबला पाणी रोज तुम्हीच मारत होता ना?" अ‍ॅडव्होकेट सारंग चारठाणकरांनी विचारलं.

"व्हय. मीच."

"एकही दिवस चुकला नाही?"

खडा टाकून पाहावा तसा तो प्रश्न होता. ताडकळसजवळच्या गावात ठेकेदार आबासाहेबांनी बांधलेल्या घराचा नवा स्लॅब कोसळला, त्याखाली प्रियांका जागीच गेली. तिचा नवरा बालाजी आणि सासू बायनाबाई या दोघांनी पूर्णेच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला होता. सारंगराव ठेकेदाराचे वकील. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बायनाबाईनं नुसतं 'न्हाई' म्हटलं असतं, तर पुढं विचारण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

तिनं कठड्यावरचा हात काढून पदर सारखा केला.

"एक दिवस चुकला," ती म्हणाली. "मानवतला भाचीचा साखरपुडा होता. बालाजीला ठाऊक न्हाई. शपथ घेतलीय म्हून सांगायलेय."

मग सारंगरावांनी सोडलं नाही. तेव्हा ऊन कडक होतं ना? मिस्त्रीनं पाण्याचं बजावून सांगितलं होतं ना? पाणी चुकलं तर स्लॅब कच्चा राहतो, हे माहीत होतं ना? तिच्या वकिलांनी हरकत घेतली, ती टिकली नाही. प्रत्येक प्रश्नाला बायनाबाई 'व्हय' म्हणत गेली आणि तिचं प्रत्येक 'व्हय' टाइप होत गेलं. शेवटच्या उत्तराला मागच्या बाकावरून बालाजी उठला आणि आईकडं न बघता बाहेर निघून गेला.

व्हरांड्यात आबासाहेबांनी सारंगरावांचा हात दाबला. "मानलं वकीलसाहेब. म्हातारीनं स्वतःच कबूल केलं."

सारंगरावांनी हात सोडवून घेतला. दावा लागला तेव्हा हाच माणूस चेंबरचं दार लोटून म्हणाला होता, की दुसऱ्या साइटवर सामान लागत होतं, म्हणून स्लॅबचे टेकू मुदतीच्या आधीच काढून नेले. एक दिवस पाणी चुकलं म्हणून स्लॅब पडत नाही, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. पण अशिलानं विश्वासानं सांगितलेलं वकिलाच्या तोंडून बाहेर पडत नसतं. कायदाच तसा आहे. इतकी वर्षं तो पाळताना त्यांना कधी जड गेलं नव्हतं.

गेटपाशी बायनाबाई एकटीच उभी होती. येताना तिला मोटरसायकलवर घेऊन आलेला बालाजी जाताना एकटाच गेला होता. सारंगरावांनी गाडी थांबवली. विरुद्ध पक्षाशी त्याच्या वकिलाच्या परस्पर बोलायचं नसतं, हे मनात आलंच. तरी त्यांनी मागचं दार उघडलं.

"बसा मावशी. स्टँडवर सोडतो."

तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि सीटच्या कडेला टेकली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "वकीलसायेब, एक इचारू? तुमी शिकलेले. खरंच त्या एका दिसानं पडला का?"

आरशात तिचा चेहरा दिसत होता. त्यात राग नव्हता. डॉक्टरला विचारावं तसं ती विचारत होती.

"नाही," ते म्हणाले. "तुमच्यामुळं नाही पडला."

"मंग कशानं?"

"ते मला सांगता येत नाही."

"माझं मन राखायला म्हणायलाव तुमी."

"नाही मावशी. खरं तेच सांगतोय."

"मंग बालाजीला सांगा की. माझं आता त्यो ऐकणार न्हाई. तुमचं ऐकंल."

तिच्या साध्या फोनवर एक बटण दाबून धरलं की बालाजीला लागत असे. तिनं ते दाबलं आणि फोन पुढं केला. गाडी स्टँडवर पोचली होती. एसटीच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून सारंगराव फोन घेऊन रसवंतीच्या आडोशाला गेले.

"माय?" पलीकडून बालाजी म्हणाला.

"तुमची आई स्टँडवर आहे. मी इथून…"

"कोन, काका?" त्यानं आवाज ओळखला नव्हता; स्टँडवरचं कुणीतरी आहे असं तो समजला होता. "तेवढं तिला ताडकळसच्या गाडीत बसवून द्या. तिला पाटी वाचता येत न्हाई."

एवढं सांगूनही त्यानं फोन ठेवला नाही. सारंगरावांच्या तोंडाशी वाक्य तयार होतं. ते उच्चारलं असतं तर आबासाहेबांचा बचाव संपला असता, कदाचित सनदही गेली असती. उसाच्या चरकाची घुंगरं वाजत होती. पलीकडं बालाजीचा श्वास ऐकू येत होता.

"बसवतो," ते म्हणाले, आणि त्यांनीच फोन बंद केला.

बायनाबाई गाडीतून उतरून चपला घालून उभी होती.

"सांगितलं?"

"हो."

"काय म्हणला?"

"तुम्हाला नीट गाडीत बसवून द्या म्हणाला."

तिचा सगळा चेहराच सैल झाला. सारंगरावांनी तिला ताडकळसच्या बसपर्यंत नेलं, हाताला धरून पायरी चढवली. खिडकीशी बसल्या बसल्या ती शेजारच्या बाईला काहीतरी सांगू लागली, आणि त्यांच्याकडं बोट दाखवलं. ती बाईही वाकून त्यांच्याकडं कौतुकानं बघू लागली.

बस हलली, तशी बायनाबाईनं खिडकीतून त्यांना दोन्ही हात जोडले.