मिशीची पेरं

रात्री उडणाऱ्या या पतंगाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चोवीस सेंटीमीटर भरतात. त्याच पेटीत, कार्डाच्या टोकाला डिंकाने चिकटवलेली मुंगी एक मिलिमीटरची. दोनशे चाळीस मुंग्या ओळीत लावल्या तर एक पतंग होतो, असं सर प्रत्येक वर्गाला सांगत. संग्रहालयात येणारे मात्र पतंगच बघतात. मुंगीसाठी कोणी वाकत नाही.

बारा वर्षं तिला त्याचाच आधार होता.

कीटक विभाग आता ती सांभाळत होती. निवृत्त सर तिच्या टेबलापाशी काठी टेकून बसले होते. त्यांना आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पेटीची कड चाचपत ते म्हणाले, "या धटिंगणाला खायला तोंडसुद्धा नाही. आणि माझी पिटुकली बघ, अजून भांडणं लावतेय."

भांडण पत्रातून आलं होतं. एका अभ्यासकाच्या मते सरांची मुंगी ही वेगळी जात नव्हतीच. मिशीला दहा पेरं असतील तर ती जुनीच, सगळीकडे सापडणारी. नऊ असतील तरच सरांचं खरं. सरांना ती उभ्या आयुष्यात एकदाच मिळाली होती. तशी दुसरी कुणालाही मिळाली नव्हती.

"मी नऊ मोजली होती," सर म्हणाले. "पण आंधळ्याची साक्ष कोण धरणार? तू मोज. सांगशील ते कळवतो. तुझं मोजणं चुकत नाही."

तिने कार्ड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. बघायची गरज नव्हती, तरी डोळा लावला. डिंकाच्या थेंबात ब्रशचा काळा केस होता, तिनेच कापलेला. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी पेटी साफ करताना ती पंखा बंद करायला विसरली होती. मग संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर बसून फरशी धुंडाळत राहिली. सर रजेवर होते. आले की सांगू, असं तिने ठरवलं होतं.

"सावकाश गं," सर म्हणाले. "दोन्ही मिश्या मोज."

नऊ म्हणणं सोपं होतं. सर तेच कळवणार होते.

तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.

"सर, ही मुंगी नाही. ब्रशचा केस आहे. तुमची मुंगी मी हरवलीय."