हाक मारून बघा

पळस्प्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर हायवेवरच्या ट्रेलरची घरघर, म्हणून कृष्णकांत आणि पद्मजा पनवेलच्या दुकानात हेडफोन निवडायला आले होते. तिसरा हेडफोन कृष्णकांतच्या कानांवर नीट बसवून दुकानातली मुलगी पद्मजाला म्हणाली, "काकू, यात गाड्यांचा आवाज पार बंद होतो, पण माणसाचा थोडा येतो. काकांना हाक मारून बघा ना!"

पद्मजाने तोंड उघडलं. 'अहो' एवढंच तर म्हणायचं होतं. लग्न झाल्यापासून दुसरी हाक तिला ठाऊकच नव्हती. कृष्णकांत समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता, घरी बसतो तसाच.



"तूच मार गं," पद्मजा त्या मुलीला म्हणाली. "मला सवय राहिली नाही."